‘बघून जा’ म्हणून भागत नाही: वेंधळ्या म्हटल्या जाणाऱ्या मुलाला रस्ता ओलांडायला शिकवताना

प्रश्न बेळगावच्या वडगावातल्या एका आईचा आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. बोलण्यात चुणचुणीत, पाढे तोंडपाठ. पण शर्टाची बटणं, चपलेचा पट्टा, डब्याचं झाकण, सगळीकडे अडतो. सपाट जमिनीवर पायात पाय अडकून पडतो. बरोबरीची पोरं सायकल फिरवतात, याला तोल धरता येत नाही. गेल्या दोन महिन्यांत दोनदा दुचाकीच्या समोर आला. शाळेत सांगतात, ‘याचं लक्ष नसतं.’ घरी आजी म्हणते, ‘वेंधळा हाय, खरं मोठा झाला की सुधारतोय.’ एका डॉक्टरांनी ‘डीसीडी’ असा शब्द वापरला आणि पुढचा पेशंट बोलावला. शिकवणी येळ्ळूर रोडच्या पलीकडे. ताई विचारतात: हे खरंच काही असतं का, आणि याला एकटा कधी सोडू?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय. गल्लीतला रस्ता तो काही आठवड्यांच्या सरावानं एकटा ओलांडू शकेल. येळ्ळूर रोड सध्या नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आणि तोवर ‘बघून जा’ हे वाक्य घरात कुणी वापरू नका. का, ते सविस्तर सांगते. मी मुलांच्या हालचालींवर काम करणारी थेरपिस्ट आहे, आणि या एका वाक्यानं किती घरांची समजूत चुकवलीय ते वर्षानुवर्षं बघत आलेय.

डीसीडी म्हणजे डेव्हलपमेंटल को-ऑर्डिनेशन डिसऑर्डर. हातापायांत ताकद असते, बुद्धी चांगली असते, पण मेंदूनं ठरवलेली हालचाल शरीराकडून ठरल्यासारखी होत नाही. शाळेच्या वयातल्या शंभरांतल्या पाच-सहा मुलांना हे असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. पूर्वी इंग्रजी पुस्तकांत याला सरळ ‘वेंधळं मूल’ अशा अर्थाचंच नाव होतं. 1994 मध्ये कॅनडातल्या लंडन गावी तज्ज्ञ जमले आणि डीसीडी हे नाव सगळ्यांनी वापरायचं ठरलं. काही जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जोडीला एकाग्रतेचीही अडचण असते, म्हणून शाळेचं म्हणणं अगदीच खोटं असेल असं नाही. पण दुचाकीसमोर येण्याचं सगळं खापर ‘लक्ष नाही’वर फोडता येत नाही. आणि आजींचं ‘मोठा झाला की सुधारतोय’ हेही बऱ्याच मुलांत खरं ठरत नाही. अडचण राहते, मूल तिच्यातून वाट काढायला शिकतं.

आता रस्त्याकडे येऊ.

समोरून गाडी येते तेव्हा तिचा वेग आपण कसा ओळखतो? ती डोळ्यात मोठी होत जाते त्यावरून. फुगा फुगावा तशी. ही वाढ झपाट्यानं झाली की आपण म्हणतो ‘लई जोरात आलाय’, आणि थांबतो. हे आपण शिकलोय असं आपल्याला वाटतही नाही. पण लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात जॉन वॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्राथमिक शाळेतल्या शंभरहून अधिक मुलांवर हे तपासलं, तेव्हा दिसलं की ही नजर लहानपणी कच्ची असते. ताशी साधारण 32 किलोमीटरच्या वर वेग गेला की मुलांना तो भरवशानं ओळखता येत नव्हता. ही सगळी साधी, कसलीही अडचण नसलेली मुलं बरं का.

पुढच्या वर्षी त्याच गटातल्या कॅथरिन पर्सेल यांनी डीसीडी असलेली 6 ते 11 वर्षांची 11 मुलं आणि त्याच वयाची 11 इतर मुलं घेऊन पडद्यावर येणाऱ्या गाड्या दाखवल्या. डीसीडीच्या मुलांना काही परिस्थितीत ताशी 22 किलोमीटरच्या पुढचा वेग टिपताच येईना. टिपता येत नाही याचा अर्थ नीट ध्यानात घ्या: गाडी त्यांना दिसते, पण उभी असल्यासारखी वाटू शकते. अभ्यास छोटा आहे, 11 मुलांचा आणि तोही प्रयोगशाळेतला, त्यामुळे 22 हा आकडा दगडावरची रेघ मानून तुमच्या मुलाला लावू नका. पण तो वाचल्यावर मला माझ्याकडे आलेल्या कितीतरी पोरांचं बोलणं आठवलं. ‘गाडी दिसली नव्हती काय रे?’ म्हटलं की उत्तर यायचं, ‘दिसली होती की. लांब होती.’ आई कपाळावर हात मारायची. पोरगं खरं बोलत होतं.

यातली मेख अशी की गाडी जितकी वेगात, तितकी फसगत जास्त. थोडं गणित करू. तुमच्यापर्यंत पोचायला पाच सेकंद लागतील अशा दोन गाड्या धरा. एक अडीच मीटर रुंदीचा ट्रक, ताशी 30 नं येणारा. तो तेव्हा साधारण 42 मीटरवर असेल. दुसरी ताशी 60 नं येणारी दुचाकी, रुंदी जेमतेम पाऊण-एक मीटर. ती 83 मीटरवर असेल. दोघं पोचणार एकाच क्षणी. पण ट्रक डोळ्यात ज्या गतीनं मोठा होतो, त्याच्या सहाव्या हिश्श्यानंच दुचाकी मोठी होते. मुलाला ट्रकची भीती वाटते आणि दुचाकी ‘लांब’ वाटते. तुमच्या लेकरासमोर दोन्ही वेळेला दुचाकीच आली, यात मला नवल वाटलं नाही.

तुमच्या वडगावात याला आणखी एक जोड आहे, जी परदेशातल्या कुठल्या प्रयोगात नाही: मागांचा खडखडाट. डोळा कच्चा असला की माणूस कानावर भिस्त ठेवतो. दोन्ही बाजूंना यंत्रमाग सुरू असताना येणारी गाडी ऐकू कशी यावी? त्यात बॅटरीवरच्या स्कूटर आल्या, त्यांना आवाजच नाही. शक्य असेल तर सरावाची गल्ली मागांपासून दूरची निवडा.

दुसरी अर्धी गोष्ट पायांची. रस्ता ओलांडताना दोन हिशेब जुळवावे लागतात: गाडीला किती वेळ लागेल, आणि मला किती. आपली हालचाल कशी होईल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. डीसीडीत हा अंदाजच चुकतो, असं ऑस्ट्रेलियातले पीटर विल्सन आणि इतर संशोधक बऱ्याच काळापासून मांडत आलेत. मला ते एकदा अगदी समोर दिसलं. शहापूरचा एक मुलगा होता, नऊ वर्षांचा. मैदानात सात मीटरवर दोन फक्कीच्या रेघा मारल्या आणि विचारलं, ‘पलीकडे जायला किती सेकंद लागतील?’ म्हणाला, ‘तीन.’ चालला, सहा लागले. मग पाठीवर दप्तर, गळ्यात बाटली, हातात छत्री दिली. तरी म्हणाला, ‘तीनच.’ मध्येच बाटली गुडघ्यावर आपटली, ती सावरताना छत्री पडली, ती उचलायला वाकला, दप्तर डोक्यावर आलं. नऊ सेकंद. मोबाइलवरचा आकडा त्याला दाखवला तेव्हा तो माझ्याकडे न बघता स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. सहा सेकंदांत ताशी 60 नं येणारी गाडी 100 मीटर येते. नऊ सेकंदांत 150.

म्हणून ‘बघून जा’चा उपयोग नाही. तो बघतोच. बघून जो हिशेब करायचा, तो त्याला अजून जमत नाही.

मग करायचं काय? माझा सगळा भर इथं आहे: त्याला अंदाज करायला लावूच नका. त्याचा नियम असा असू दे, की चाकं फिरणारी कुठलीही गाडी दिसली तर जायचं नाही. लांब असो, हळू असो, चालवणारे ओळखीचे काका असोत. रस्ता रिकामा झाला की मगच जायचं. गल्लीत हा नियम चालतो, कारण गल्ली रिकामी होते. येळ्ळूर रोड सकाळ-संध्याकाळ रिकामा होतच नाही, म्हणून तो सध्या त्याचा रस्ता नाही. तिथं मोठ्या माणसाचा हात, किंवा शिकवणीच दुसरीकडे. शिकवणी बदलणं कमीपणाचं वाटत असेल तर वाटू दे. आम्ही थेरपिस्ट लोक मुलाला बदलण्याच्या मागे फार लागतो. वाट बदलणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

दुसरं, जागा निवडायला शिकवा. स्कॉटलंडमध्ये जेम्स थॉमसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहान मुलं ‘गाडी दिसत नाही म्हणजे रस्ता सुरक्षित’ असं धरून चालतात. वळण असो, चढाचा माथा असो, उभ्या टेम्पोचा आडोसा असो, त्यांना फरक पडत नाही. शिवाय ती सरळ आणि जवळची वाटच पकडतात. त्यावरून नव्वदच्या दशकात ग्लासगोत पाच ते सात वर्षांच्या मुलांना खऱ्या रस्त्यावर नेऊन शिकवण्याचा कार्यक्रम उभा राहिला. तीनच गोष्टी: सुरक्षित जागा शोधणं, उभ्या गाड्यांच्या मधून ओलांडणं, चौकात ओलांडणं. फळ्यावर शिकवण्यापेक्षा हे चांगलं लागू पडलं. आपल्याकडे मात्र अजून रस्ता सुरक्षा सप्ताहात वर्गात तक्ते टांगतात आणि घोषणा पाठ करून घेतात. पोरं घोषणा म्हणत म्हणतच रस्त्यावर धावतात.

तुम्ही असं करा. रविवारी सकाळी सातच्या सुमाराला त्याला घेऊन गल्लीत फिरा. ओलांडायचं नाही, नुसतं बोलायचं. ‘इथून जाऊया काय?’ त्यानं सांगायचं, हो की नाही आणि का. उभ्या गाडीजवळ आलात की त्याच्या उंचीला खाली बसून बघा. तुम्हाला उभ्यानं दिसणारा अर्धा रस्ता तिथून गायब असतो. मी पहिल्यांदा अशी बसले तेव्हा माझ्याच सूचनांची मला लाज वाटली.

मग खोटा रस्ता आखा. ही कल्पना एडिनबरोच्या डेव्हिड ली यांची, 1984 सालची. खऱ्या रस्त्याच्या कडेला, सुरक्षित मोकळ्या जागेत, रस्त्याला समांतर दोन रेघा मारायच्या, खऱ्या रस्त्याइतक्याच अंतरावर. मूल अलीकडच्या रेघेवर उभं राहतं, खऱ्या रस्त्यावरच्या गाड्या बघतं आणि त्या आपल्याच रस्त्यावर आहेत असं समजून खोटा रस्ता ओलांडतं. पलीकडच्या रेघेवर पोचायच्या आत गाडी समोरून गेली तर समजायचं, धडक झाली. कुणाला खरचटतही नाही. ली यांच्या सरावात पाच वर्षांची मुलंही सुधारली. मी मात्र डीसीडीच्या मुलांसाठी तो अंदाज पक्का करायला वापरत नाही. मी तो मुलाला स्वतःचं स्वतःला कळावं म्हणून वापरते: माझे सहा सेकंद होतात, दप्तर असलं की नऊ. त्याला हे एकदा स्वतः दिसलं की ‘रिकामा झाल्यावरच’ हा नियम त्याला शिक्षा वाटत नाही. रोज दहा मिनिटं पुरेत. कंटाळला की थांबा.

सराव करताना तुम्ही सूचनांचा पाऊस पाडू नका. कॅनडात हेलेन पोलाटाइको आणि अँजेला मँडिक यांनी या मुलांसाठी एक पद्धत बसवली, ‘को-ऑप’ नावाची. तिचा गाभा चार पायऱ्यांचा: काय करायचंय, कसं करणार, करून बघ, जमलं काय ते तपास. यातलं ‘कसं’ मुलानं स्वतः शोधायचं असतं. शहापूरच्या त्या पोरानं स्वतःचा मंत्र केला होता: ‘पाय जोड, उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं, कान.’ ‘पाय जोड’ त्याचंच. कडेला दोन्ही पाय जुळवून उभं राहिलं की आपण झोकांडी खात पुढं जात नाही, हे त्यानं शोधून काढलं. मला सुचलं नसतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून आधी उजवीकडे बघायचं. आणि उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले आपल्या गावात कमी नाहीत, म्हणून मधल्या रेघेवर पोचल्यावरही दोन्हीकडे.

चालायचं, धावायचं नाही. मध्यावर हॉर्न वाजला की ही मुलं थिजतात किंवा मागं फिरतात, आणि मागं फिरणं सगळ्यात वाईट. खोट्या रस्त्यावर मुद्दाम हॉर्न वाजवून सराव करा: हॉर्न झाला तरी पुढंच जायचं.

आणि आजींशी नीट बोला. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या खेपेला आजी पलीकडे उभ्या होत्या. मी पैजेवर सांगते, त्यांनी हाक मारली असणार. ‘आलास काय रं बाळा!’ मायेचीच हाक. पण ती ऐकली की मुलाचं सगळं लक्ष आजीकडे जातं आणि रस्ता मधून नाहीसा होतो. पलीकडून कुणी हाक मारायची नाही, हात करायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. न्यायचं असेल तर आजीनंच अलीकडे यायचं. आजींना दोष देऊ नका, काम द्या: मोबाइलवर सेकंद मोजण्याचं. नातवाचा हिशेब त्यांच्या हातात आला की ‘वेंधळा’ हा शब्द आपोआप कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

आता उसाच्या ट्रॅक्टरबद्दल, कारण हंगाम सुरू झाला की मला सगळ्यात धास्ती त्याची असते. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या असतात, स्पीकर कर्कश, ऊस बाजूला बाहेर आलेला. मूल ट्रॅक्टरकडे बघतं, तो गेला की पाऊल टाकतं, आणि दुसरी ट्रॉली अजून यायची असते. निपाणी-संकेश्वरकडे, अथणी-चिकोडीकडे राहणाऱ्यांनी हे मुलांना मुद्दाम दाखवावं: कडेपासून चार पावलं मागं उभं राहायचं आणि ‘शेपूट गेली’ असं मोठ्यानं म्हणायचं, मगच पुढं. डीसीडीच्या मुलांना असं मोठ्यानं म्हणणं फार उपयोगी पडतं.

एसटीतून उतरतानाचं तेच. नंदगडला आजोळी जाता तेव्हा कंडक्टर कानडीत ‘लगू इळीरि, लगू इळीरि’ (लवकर उतरा) करत असतो, आणि घाईत या मुलांची पायरी चुकते. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, पोराला थोडा वेळ लागतो. बहुतेक जण समजून घेतात. तुम्ही आधी उतरा, मग त्याला उतरवा. उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत हलायचं नाही; बसच्या पुढून तर कधीच ओलांडायचं नाही.

दुचाकीवर तो मागं बसत असेल तर हेल्मेट हवंच. चार वर्षांवरच्या सगळ्यांना कायद्यानं ते बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना 15 फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेटबरोबर शरीराला बांधायचा पट्टाही लागतो आणि वेग ताशी 40 च्या वर नेता येत नाही. तुमचा मुलगा आठ वर्षांचा, त्याला पट्ट्याची सक्ती नाही. पण गतिरोधकावर नीट धरून बसणं त्याला जमत नसेल, तर मी तो वापरायला सांगेन.

सायकल शिकवा, पण रस्त्यावर नको. पॅडल काढून टाका, सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय टेकतील, आणि मैदानात नुसतं ढकलत फिरू द्या. तोल आला की पॅडल बसवा. भाऊबंदांची पोरं हसतील म्हणून सकाळी लवकर जा.

तपासणीचं थोडक्यात. निदान सहसा पाच वर्षांनंतरच करतात. ते एका भेटीत, नुसतं बघून होत नाही; हालचालींची प्रमाणित चाचणी आणि घरच्या-शाळेतल्या अडचणींची नीट माहिती लागते. आधी डोळे तपासून घ्या. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. त्या पथकाला स्वतः भेटून हे सांगा आणि मुलांच्या अशा अडचणींवर काम करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राकडे (डीईआयसी) चिठ्ठी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, हे शाळेशी बोलताना जवळ असू द्या. चांगल्या शिक्षकांना त्यानं आधार मिळतो. आणि एक गोष्ट मात्र टाळू नका: जे आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं असेल, एकच बाजू अशक्त वाटत असेल, किंवा जमिनीवरून उठताना तो मांडीवर हात टेकवून टेकवून उठत असेल आणि पोटऱ्या फुगल्यासारख्या दिसत असतील, तर ते डीसीडी नसून दुसरंच काही असू शकतं. तेव्हा थांबू नका, त्याच आठवड्यात मेंदू-नसांच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिला पाऊस. रेनकोटची टोपी दोन्ही बाजूंनी डोळे झाकते आणि मान वळली तरी टोपी वळत नाही. जूनच्या आधी त्याच्या रेनकोटची टोपी कापून टाका आणि वर क्रिकेटची टोपी घाला, पुढं झापड असलेली. चेहऱ्यावर पाणी येत नाही आणि दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. छत्री नकोच, ती सावरताना तीन सेकंद जातात, ते आम्ही मोजलेत. चप्पल मागं पट्टा असलेली, चिकटपट्टीची. आणि शिकवणीच्या बाईंना सांगा, पाऊस असेल त्या दिवशी तो तुम्ही येईपर्यंत आतच बसेल.